दोघांची मागणी

हाजी मिफ्लेहनी कॉफीचा कप घेतला आणि न पिताच समोरच्या टेबलावर ठेवला. जॉर्डनमधल्या करकहून नातू सत्तामसाठी मुलगी मागायला ते सुएझला आले होते. बरोबरच्या आठ जणांनीही आपापले कप तसेच ठेवले.

"घ्या ना, हाजी. साखर कमी पडली का?" मुलीचा बाप शहाता म्हणाला.

"भाऊ, आमची एक विनंती आहे."

"ती ऐकतोच की. आधी कॉफी घ्या."

कोणी हात लावला नाही. शहाता उठून स्वयंपाकघरात गेला.

"नजला, कॉफीत माशी पडलीय का गं?"

नजलाने कपाळाला हात लावला. "बाबा, त्यांची रीत आहे ती. तुम्ही 'दिली' म्हणेपर्यंत ते पिणार नाहीत. नाही म्हणालात, तर तसेच उठून जातील."

"न पिता?"

"न पिता. बाबा, मला सत्तामशीच लग्न करायचंय."

शहाताने मनात वाट मोजली. करक म्हणजे बस, मग बोट, मग पुन्हा बस. त्याने स्वतःसाठी ग्लासभर चहा ओतला, बाहेर आला आणि तो हाजींच्या कपाशेजारी ठेवला.

"माझीही एक विनंती आहे, हाजी. दर रमजान ईदला पोरगी या घरी आली पाहिजे. तुम्ही हो म्हणेपर्यंत मी चहा पिणार नाही."

सगळे हसले. हाजी हसले नाहीत. "तुझा शब्द माझ्या डोक्यावर."

"तसं नको. आमच्याकडे 'तुमचं काम माझ्या डोळ्यांवर' म्हणून गेलेला प्लंबर वर्षभर फिरकत नाही."

"आमचाही नाही," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

हाजींनी पांढरी मिशी मुठीत धरली. मघाशी दोन जिने चढताना त्यांना दोघांनी धरून आणलं होतं.

"ही धरून शपथेवर सांगतो. त्याने नाही आणली, तर मी घेऊन येईन."

"दिली," शहाता म्हणाला.

आत कसलंसं भांडं पडलं.

हाजींनी कप उचलला. कॉफी गार झाली होती, आणि त्यांच्या गावच्या कॉफीपेक्षा फार गोड होती. त्यांनी ती गाळासकट संपवली. इथल्या कॉफीचा गाळ तळाशी सोडायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शहाताने सांगायला हवं होतं. पण तो ग्लास तोंडाला लावून बसला होता, आणि ग्लासातला चहा केव्हाच संपला होता.