दुसरा फोटो

झुंबर आबांच्या डाळिंबाच्या बागेत ठिबक बसलं. आता अनुदानासाठी काम झाल्याचा फोटो हवा होता. कृषी सहायक सुप्रिया मॅडम मोबाइल काढत म्हणाल्या, "आबा, काम सुरू व्हायच्या आधी काढला होता ना, अगदी तसेच उभे राहा. त्याच बांधावर."

आबांनी टोपी नीट केली आणि बांधाच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.

"एवढं कडेला कशाला? मधे या की."

आबा हलले नाहीत.

"आबा, अर्धा फोटो रिकामा येतोय!"

"येऊ द्या, मॅडम. तवा हितं मधी आमची कारभारीण उभी हुती. आता ती न्हाय. पर तुमीच म्हणाला न्हवं, अगदी तसंच उभं ऱ्हावा?"