खडकापर्यंत

भोंगा वाजला तेव्हा मामांच्या हातात चहाचा मग होता. बोटीवरच्या स्वयंपाक्याने तो नुकताच भरून दिला होता. मामांनी मगाला झाकण लावलं, दोरखंडाच्या वेटोळ्यात तो नीट बसवला आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

त्यांना सगळेच मामा म्हणत. किनारा राखणाऱ्या दलाच्या जुन्या बोटीवर त्यांची हयात गेली होती. बुडणाऱ्याला पाण्यातून वर घेतलं की पुढचं सगळं त्यांच्याकडे असायचं. ती बोट आता धक्क्याला बांधून ठेवली होती. आज नव्या बोटीची चाचणी होती.

"म्हातारीला घरी बसवलं आणि सून आणली," स्वयंपाकी म्हणाला. "माणसं वाचवणार, आगी विझवणार, पाण्यावरचं तेल पुसणार, चोरांच्या मागे धावणार. सगळं एकटीच. चार दिवस जाऊ द्या, मग बघा कशी कुरकुरते."

तेवढ्यात बोटीने अशी उसळी घेतली की त्यालाच कठडा धरावा लागला. बाकीचे हसले.

वरून कप्तानाचा आवाज आला. "बाहुला पाण्यात टाकलेला आहे. मोठ्या खडकापाशी. जिवंत माणूस समजूनच काम करायचं."

स्वयंपाक्याचं हसू गेलं. कप्तान दुसऱ्या बंदरातून बदलून आला होता, त्याला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"मामा, वर जाऊन सांगू का मी? दुसरी जागा बघतील."

"कशाला? जागा बरोबर आहे."

त्या खडकावर दोन वर्षांपूर्वी मामांच्या मुलाची मासेमारीची बोट फुटली होती. निरोप आल्याबरोबर म्हातारी बोट निघाली, मामा तिच्यावरच होते. पोचले तेव्हा हाकेला ओ द्यायला कुणी उरलं नव्हतं. नवी बोट येणार, येणार, असं तेव्हाही कानावर यायचं. पुढे घरी येणारा प्रत्येक जण म्हणाला की कुठलीही बोट असती तरी पोचली नसती. मामांच्या बायकोने तेवढं एक धरून ठेवलं होतं. आज सकाळी डबा हातात देताना मात्र ती म्हणाली, "ही असती तर तो हाती लागला असता का, तेवढं बघून या."

मामा उभे होते. वारा तोंडावर येत होता. किनाऱ्यावरची घरं लहान झाली, मग दिसेनाशी झाली. खडक समोर आला. मामांना वाटलं, इतक्या लवकर कसा, हा दुसराच कुठलातरी असेल. मग त्याचा तुटका माथा दिसला.

बोटीच्या पाठीमागून छोटी होडी घसरत पाण्यात उतरली. दोघांनी बाहुला ओढून घेतला. नारिंगी कपडे, आत वाळू भरलेली, तोंडाच्या जागी नुसतं कापड. होडी परत वर आली. कुणी ओरडलं नाही, कुणाची धांदल झाली नाही. बाहुला मामांच्या पुढ्यात ठेवला गेला.

मामांनी त्याच्यावर घोंगडी टाकली. पाय कोरडे केले. मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून ते पाय चोळायला लागले, आधी सावकाश, मग जोर लावून.

"आलास," ते म्हणाले. "झालं आता. आलास."

पाण्यातून वर आलेल्या प्रत्येकाला ते हेच म्हणत. जिवंत असलेल्याला. खडकावरून आणलेल्या मुलाला ते म्हणाले नव्हते.

कप्तान खाली आला होता. तो खुशीत होता. "मामा, पुरे की. बाहुला आहे तो."

"हो."

"काय, कशी वाटली बोट?"

"चांगली आहे, साहेब."

मामांचे हात थांबायला थोडा वेळ लागला. शेवटी स्वयंपाक्याने वाकून घोंगडी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि घडी न घालताच काखेत मारली.

मामा दोरखंडापाशी गेले. चहाचा मग तिथेच होता. झाकण काढलं. वाफ आली. एवढ्या वेळात म्हातारीचं इंजिनसुद्धा तापायचं नाही.

त्यांनी चहा समुद्रात ओतून दिला.

घरी बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"पाहिलीत?"

"पाहिली."

"खडकापर्यंत गेली?"

"गेली."

"मग? किती वेळ लागला?"

मामांनी चपला काढल्या आणि भिंतीशी सारख्या करून ठेवल्या.

"म्हातारीइतकाच."

"एवढी नवी बोट, तरीसुद्धा?"

"मोठी आहे गं. चार कामांचं सामान अंगावर घेऊन जायचं, पळणार किती?"

तिने हातातल्या सदऱ्याची घडी पूर्ण केली. ती मोडली आणि पुन्हा घातली. मामांच्या ओल्या बाह्यांकडे एकदा पाहिलं.

"बरं झालं," ती म्हणाली.

मग उठून आत गेली आणि चहा करून घेऊन आली. मामांनी कप समोर ठेवून घेतला. त्यावर साय धरली, तरी त्यांनी हात लावला नाही. चहा अगदी गार होईपर्यंत ते बसून राहिले, आणि तीही बसून राहिली.