कयाकला लावलेले चिमटे

खडकावर आपटून फुटलेली लाकडी कयाक बाबांनी हॉलमध्ये आडवी केली, भेगेत गोंद भरला आणि घरातले सगळे कपड्यांचे चिमटे तिला लावून टाकले.

"ओले कपडे मी हातात धरून उभी राहू?" आईनं विचारलं.

"उद्यापर्यंतच. रविवारी ही कयाक आणि मी तलावावर."

दुसऱ्या दिवशी बाबांचं हृदय बंद पडलं.

तेराव्यानंतर आईनं चिमटे मागितले. मी ते काढले, भेग घासली, वॉर्निशचे दोन हात दिले आणि कयाकमध्ये बसून पाहिलं.

"रविवारी ने तिला पाण्यात," आई म्हणाली. "तीन महिने पोहण्याच्या क्लासला घातलं होतं ना त्यांनी तुला?"

मी बाबांच्या फोटोकडे वळले.

"बाबा, त्या क्लासला मी एकदाही गेले नाही. बागेतल्या नळाखाली केस भिजवून घरी यायचे."