शेजारीणबाईंच्या स्वयंपाकघरात

“मी मास्तरांबरोबर त्या खोलीत जाते. ते ड्रम वाजवतील. तुम्ही दोघं इथंच, या स्वयंपाकघरात थांबा. जरासाही आवाज आला, तर दावा फेटाळला,” असं म्हणून न्यायाधीश मॅडम निघाल्या. पलीकडचं जाड दार लागल्याचं दोघांना ऐकू आलं.

दावा सुताराचा होता. शेजारच्या घरात ड्रम शिकवणाऱ्या मास्तरांना त्यानं ध्वनिरोधक खोली बांधून दिली होती. दुहेरी भिंत, मधे लोकर, दाराच्या चारही कडांना रबर. आवाज बाहेर येतो, असं म्हणून मास्तरांनी शेवटचा हप्ता वर्षभर अडवला, तेव्हा त्यानं लघुवाद न्यायालय गाठलं. अशी खोली त्यानं पहिल्यांदाच बांधली होती. आज हरला, तर दुसरी कुणी देणार नव्हतं.

शेजारीणबाई मास्तरांच्या साक्षीदार. वर्षभर ड्रम ऐकून डोकं उठलंय, हे त्यांनी कोर्टात शपथेवर सांगितलं होतं.

दोघांनी भिंतीला कान लावले. दोन मिनिटं गेली. पाच गेली.

“सुरू का करत नाहीत?” सुतार कुजबुजला.

“आधी सूर लावायला ड्रमचे स्क्रू पिळत बसतात ते.”

आठ मिनिटं झाली.

“चहा घेत असतील का?”

“मास्तर? आणि चहा देणार? अहो, घोटभर पाणी विचारत नाही तो माणूस!”

सुताराला हसू फुटलं. बाईंनी तोंडावर पदर धरला. दोघंही भिंतीला टेकून गदगदा हसत राहिले.

“पण आज दार लावलं, हे एक नवलच,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “एरवी स्टूल अडकवून उघडंच ठेवतात.”

“उघडं? का?”

“आतून उघडत नाही ना ते! आतली मूठ तुम्ही बसवलीच नाहीत म्हणे.”

सुताराचं हसू विरलं. मूठ बसवायची ती शेवटचा हप्ता मिळाल्यावर, ही त्याची पद्धत. कोर्टाच्या तारखांच्या धांदलीत तो ते साफ विसरला होता. मूठ अजून त्याच्या पिशवीत होती.

तो धावत सुटला. मागोमाग बाई. त्यानं खोलीचं दार ओढलं, तसा असा गडगडाट बाहेर कोसळला, की जिन्यातली कबुतरं उडाली. मास्तर भिंतीवर डोकं टेकून “धावा हो, धावा!” असं ओरडत होते. मॅडमचा अंबाडा सुटला होता. दोन्ही हातांत काड्या धरून त्या स्वतः ड्रम बडवत होत्या.

“अगं बाई, तालीमच चाललीय अजून!” शेजारीणबाई म्हणाल्या. “आम्ही केव्हाचे कान लावून बसलोय. करा की आता सुरू!”

मॅडम थांबल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं आणि एक काडी मास्तरांवर रोखली. ओरडून ओरडून त्यांचा घसा पार बसला होता. कसाबसा एकच शब्द बाहेर आला.

“व्याजासकट.”