भेगेतला रंग

"एवढंच सांगा सर, माझा जोड सुटला का?"

मिस्त्रींनी हातभर लांबीची तुटकी नळी टेबलावर ठेवली. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी टेम्पोच्या चेसिसची. दोन महिन्यांपूर्वी ती उतारावर दुभंगली आणि पोरगा जागीच गेला. तिथला जोड मिस्त्रींनीच मारला होता. तेव्हापासून त्यांनी वेल्डिंगला हात लावला नव्हता, आणि घास घशाखाली उतरत नव्हता.

वेल्डिंग शिकवणाऱ्या सरांनी नळी उजेडात फिरवली. "जोड शाबूत आहे. त्याला चिकटून, काठावर तडकलंय. जोड मारताना ताप जरा जास्त झाला, काठाला खाच पडली. वर खड्ड्यांचे दणके. भेग अशीच सुरू होते."

"म्हणजे मीच."

"ऐका तर! अशी भेग एका दिवसात नळी तोडत नाही. टोकाला भोक पाडायचं, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग घासून भरायची, वर पट्टी द्यायची. अर्ध्या दिवसाचं काम. गाडी आणखी दहा वर्षं चालली असती." सर थांबले. "पण हे बघा, भेगेत पुट्टी आहे. वर निळा रंग. कुणीतरी बघितली, बुजवली आणि गप्प बसलं."

मिस्त्रींनी नळी डोळ्यांजवळ नेली. वेल्डिंगने अधू झालेल्या त्यांच्या नजरेला भेग काही दिसेना. सरांनी त्यांचं बोट धरून तिच्यावरून फिरवलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर त्या रागाने मिस्त्रींना बरंच वाटलं. दोष द्यायला अखेर दुसरं कुणीतरी सापडलं होतं.

घरी सून भाजी निवडत होती. मिस्त्री दारातूनच कडाडले, "गाडी रंगवून आणली म्हणत होता ना पोरगा? कुठल्या रंगाऱ्याकडून? नाव सांग, मानगूट धरून चौकीत नेतो त्याला! एक शब्द बोलला असता मेला, तर माझं पोरगं आज इथे जेवायला बसलं असतं!"

सुनेचे हात थांबले. "जाऊ द्या ना, बाबा."

"जाऊ कसं देऊ? माणूस गेलाय आपला!"

तिने भाजीची परडी बाजूला सारली.

"रंगाऱ्याकडे नव्हती नेली. तुम्ही दुपारी पडला होतात, तेव्हा ह्यांनीच मारला रंग. मला म्हणाले, 'बाबांना बोलू नकोस. आपल्या जोडापाशी तडकलं असं कळलं तर खचतील, पुन्हा वेल्डिंगचा होल्डर हातात धरणार नाहीत. महिनाभरात बाहेरून गुपचूप दुरुस्त करून आणतो.'"