सगळ्या समुद्राची बेरीज

दादाची बोट बुडाली. बाकीचे पोहत किनाऱ्याला लागले, दादा काही आला नाही. बंदरावरच्या ऑफिसात शोधपथकाच्या साहेबांनी आम्हाला स्क्रीनवर समुद्राचा नकाशा दाखवला. मधे गडद लाल, बाहेर फिकट होत गेलेला. वहिनीला ओ की ठो कळेना. मला लगेच कळलं. गणित मी मोबाईलवर बघून बघूनच शिकलोय.

"वहिनी, दादा सापडायची शक्यता मधे जास्त, लांब गेलं की झपाट्याने कमी. सूत्रात ई चा उणे घात आहे ना, म्हणून. पण चारी दिशांना पार अनंतापर्यंत दुहेरी इंटिग्रल घेतलं, की बेरीज बरोब्बर एक येते."

"एक म्हणजे काय हो भाऊजी?"

"म्हणजे शंभर टक्के! दादा कुठे ना कुठे आहेच."

इतक्या दिवसांत वहिनी पहिल्यांदा हसली. "थांबा, आईंना सांगते," म्हणत फोन घेऊन बाहेर पळाली. शाबासकी मिळेल म्हणून मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.



"गणित बरोबर आहे रे तुझं. पण हा नकाशा आम्ही बॉडी शोधायला काढतो."