बाळकुमचे महाराज

विश्राम याही वेळी चहा अर्धा टाकून निघून गेला आणि मंदाकिनीच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी विश्रामला सांगून आलेल्या नंदाच्या घरची माणसं लग्नाची बोलणी करायला डोंबिवलीला यायची होती. नवरा मुलगा मात्र बाळकुमला कुणी नवे महाराज आलेत म्हणून तिकडे धावला.

वर्षभर हेच चाललं होतं. आधी ठाकुर्लीला धुनी पेटवून बसलेला बैरागी. मग कल्याणच्या खाडीकाठचे बाबा. विश्राम जायचा, दोन-चार दिवस समोर बसून राहायचा आणि तोंड पाडून परत यायचा.

"मिळालं का ज्ञान?" ती विचारायची.

"हे नव्हेत, आई."

"जप नाही, पोथी नाही, साधी संध्या करत नाहीस. आणि गुरू तेवढा मनासारखा हवा?"

यावर तो कचेरीचा डबा उचलून निघायचा.

त्याचे वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता. पोराला घेऊन ती पेणहून भावाच्या आधाराला आली, लोकांचे कपडे शिवले, त्याला मॅट्रिक केलं. वडिलांचा विषय निघाला की ती उठून मशीनवर बसे, म्हणून तोही विचारीनासा झाला. ठाण्याच्या कचेरीत चिकटला, आता जरा सुख लागेल म्हणावं, तर ही वैराग्याची हौस. साहेबांनी शेवटची ताकीद दिली होती.

"वयच असतं हो," शेजारच्या हेमाताई म्हणाल्या. "लग्न झालं की येईल ताळ्यावर."

"लग्नाने कोण ताळ्यावर आलंय," मंदाकिनी म्हणाली. कुंकू नीट करून, वहाणा चढवून ती निघाली.

ठाण्याहून टांगा केला. मिठागराच्या बांधाजवळ महाराजांची झोपडी होती. दारात गावातली रखमाबाई दूध घेऊन उभी होती.

"तुजा पोर काय गो? आल्यापासून नुसता महाराजांच्या तोंडाकडं बगत बसलाय."

मंदाकिनी तरातरा आत शिरली. महाराज व्याघ्रचर्मावर बसले होते. अंगाला राख, छातीपर्यंत दाढी. समोर विश्राम.

"महाराज, माझा एकुलता एक मुलगा आहे. त्याला मोकळं करा."

"मी कुणाला बांधलं नाही, बाई," महाराज शांतपणे म्हणाले.

"मग तूच ऊठ. जनाची नाही तर मनाची तरी ठेव. नोकरी जाईल, ठरत आलेलं लग्न मोडेल. कशासाठी हे सगळं?"

विश्राम उठला. तिचा हात धरून त्याने तिला पुढे आणलं.

"रागावू नकोस, आई. मला देवही नको नि मोक्षही नको. बाबांनी संन्यास घेतला, एवढंच मामा एकदा बोलून गेले. हे पूर्वाश्रमाबद्दल अक्षर बोलत नाहीत. तू नीट बघून सांग. हेच का ते?"

मंदाकिनी महाराजांच्या समोर बसली. तिने कपाळ पाहिलं, नाक पाहिलं, मांडीवरचे हात पाहिले. महाराजांनी डोळे मिटून घेतले. सासूसासऱ्यांच्या धाकातल्या त्या चार दिवसांच्या संसारात नवऱ्याकडे मान वर करून तिने कधी धड पाहिलंच नव्हतं. पोर उत्तराची वाट पाहत उभं होतं, आणि तिला काही केल्या ओळखता येईना.